जुनी गाडी विकण्यापासून नवी दारात येईपर्यंत: आमचे चार महिने

२२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी गाडीचा विषय निघाला. चार मीटरच्या आतल्या गाड्या, त्यातही पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत, यांच्यावर आधी २८ टक्के कर आणि वर सेस होता. तो १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. चार मीटरच्या आतच बघायचं, एवढं त्या दिवशीच ठरून गेलं.

आमची वॅगन आर २०१४ ची. तिनं अकरा वर्षांत एकदाही रस्त्यात दगा दिला नाही. पण तिला एअरबॅग एकही नाही. मुलगा नववीत, उंची पावणेसहा फूट. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. महिन्यातून एकदा वाईला जाणं असतं. एसी लावून पाच जण बसलो की खंबाटकी घाटात गाडी दमायची आणि उतरताना सासूबाईंना दोघांनी हात द्यायला लागायचा. धायरीतून स्वारगेटला ऑफिसला रोज मीच गाडी नेते, त्यामुळे शोधाशोध माझ्याकडे आली. नवऱ्यानं कर्जाचं बघायचं, असं वाटून घेतलं.

हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण मला सुरुवातीला वाटलं होतं की अवघड भाग नवी गाडी निवडण्याचा असेल. प्रत्यक्षात पहिला दीड महिना जुन्या गाडीच्या कागदातच गेला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या भाच्यानं गाडी बघितली, आवडली, म्हणाला, "ताई, आरसीचा फोटो पाठवा." फोटो काढताना मी पहिल्यांदा बोजाची, म्हणजे गाडी कुणाकडे तारण आहे ती, ओळ नीट वाचली. बँकेचं नाव अजून तसंच होतं. कर्ज २०१९ मध्ये फिटलेलं, बँकेची एनओसी फाइलमध्ये जपून ठेवलेली, पण आरटीओत जाऊन बोजा उतरवायचा राहूनच गेला होता. ती एनओसी तीन महिन्यांपुरतीच चालते, हे तेव्हा कळलं. म्हणजे पुन्हा बँक.

बँकेत तीन हेलपाटे झाले. पहिल्या दिवशी सांगितलं की वाहन कर्जाचं काम आता दुसऱ्या शाखेतून होतं. दुसऱ्या शाखेत जुना खाते क्रमांक त्यांच्या नव्या यादीत सापडेना. तिसऱ्या वेळी मी कर्ज फेडल्याची पावती, शेवटचं स्टेटमेंट आणि जुनी एनओसी अशी तिन्ही कागदांची झेरॉक्स लावून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. सतरा दिवसांनी नवीन एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवण्याचा अर्ज, दोन प्रतींत हातात आला. लेखी अर्ज पहिल्याच दिवशी दिला असता तर निदान आठवडा वाचला असता.

बोजा उतरवण्याआधी आणखी एक अट होती. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आहे आणि ती नसेल तर आरटीओतली बाकीची कामं अडतात. ऑनलाइन पैसे भरले. चारचाकीला ७४५ रुपये आणि जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. शनिवारी १ नोव्हेंबरला प्लेट बसली. फिटिंगवाल्यानं जुनी प्लेट काढून माझ्या हातात दिली तेव्हा जरा कसंसंच झालं. आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला ती गाडी घेतली होती.

एक ई-चलन होतं, सातारा रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगवर चाक गेल्याचं, पाचशे रुपये. ते भरलं. पीयूसी संपायला आली होती, ती नवी काढली. ६ नोव्हेंबरला बोजा उतरवण्याचा अर्ज ऑनलाइन भरला, मूळ कागद संगम पुलाजवळच्या आरटीओत जमा केले आणि १८ तारखेला मंजुरीचा मेसेज आला. आधार ज्या मोबाइलला जोडलेलं आहे तोच नंबर वाहनाच्या नोंदीत आहे का, हे तुम्ही आधी बघून घ्या. आमच्या नोंदीत नवऱ्याचा बंद पडलेला नंबर होता. तो बदलण्यातच दोन संध्याकाळी गेल्या.

तर आता नव्या गाडीकडे येते.

ऑक्टोबरभर आम्ही शोरूमच्या फेऱ्या मारत होतो, पण सासूबाईंना सगळीकडे नेणं शक्य नव्हतं. त्यावर उपाय त्यांनीच काढला. घरातल्या ज्या खुर्चीवरून त्यांना आधाराशिवाय उठता येतं, तिच्या बैठकीच्या उंचीला त्यांनी आपल्या काठीवर लाल दोरा बांधून दिला. म्हणाल्या, "गाडीचं सीट या दोऱ्याच्या फार वर नको आणि फार खालीही नको. खाली असलं तर उठता येत नाही, वर असलं तर पाय टेकत नाही. मग मला न्यायची गरज नाही, काठी न्या." आम्ही खरंच काठी नेली. शोरूममधली मुलं इंजिन, स्क्रीन, सनरूफ सांगत असायची, मी मागचं दार उघडून सीटला काठी लावून बघायचे. एका गाडीत सीट दोऱ्याच्या पाच बोटं खाली गेलं. दुसऱ्या उंच गाडीत ते दोऱ्याच्या वर, आणि दाराखालचा उंबरा इतका रुंद की साडीवाल्या बाईनं पाय टाकायचा कसा, असा प्रश्न पडला.

४ नोव्हेंबरला ह्युंदाईची नवी व्हेन्यू बाजारात आली. जुनी व्हेन्यू आमच्या शेजाऱ्यांकडे आहे. त्यात मागे बसल्यावर मुलाचे गुडघे पुढच्या सीटला टेकायचे, म्हणून ती आम्ही यादीतून आधीच काढली होती. नव्या गाडीची लांबी तीच, ३९९५ मिलिमीटर, कारण चार मीटरच्या पुढे गेलं की कर वाढतो. पण रुंदी ३० मिलिमीटरनं वाढून १८०० झाली, उंची ४८ नं वाढून १६६५ आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २० नं वाढून २५२०. कागदावर दोन सेंटिमीटर वाचले की त्यात काय एवढं, असं वाटतं. बसून बघितल्यावर वेगळं वाटलं. आणखी एक गोष्ट मनाला भावली. ही गाडी आपल्या तळेगावला बनते. जनरल मोटर्सनं २०२० च्या शेवटी तिथलं उत्पादन थांबवलं, पुढे ह्युंदाईनं तो कारखाना घेतला, आणि तिथून बाहेर पडलेली त्यांची पहिली गाडी हीच. माझा एक चुलतभाऊ जुन्या कारखान्यात कामाला होता. तिथले दरवाजे बंद झाले तेव्हाचे दिवस आमच्या घरानं जवळून पाहिलेत.

१४ नोव्हेंबरला, शुक्रवारी, अर्धी रजा टाकून सकाळी गेलो. रविवारी गेलात तर टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमला एक चक्कर, तेवढंच मिळतं. शुक्रवारी अकरा वाजता आम्हाला पाऊण तास मिळाला आणि या वेळी सासूबाई स्वतः आल्या होत्या. काठी लावली. दोरा आणि सीट यांत दोन बोटांचं अंतर. त्यांनी आधी काठी आत ठेवली, मग पाठ टेकवून बसल्या आणि दोन्ही पाय एकदम आत घेतले. दार चांगलं मोकळं उघडतं, त्यामुळे पाय वळवताना गुडघा कुठे आपटला नाही. मागच्या सीटची पाठ दोन टप्प्यांत मागे कलते. त्यांनी ती एक टप्पा मागे घेतली, खिडकीचा जाळीचा पडदा वर ओढला आणि म्हणाल्या, "आता वाईपर्यंत चालेल."

टेस्ट ड्राइव्हची गाडी सगळ्यात वरच्या ट्रिमची, म्हणजे सगळ्यात जास्त सोयींच्या प्रकारातली, होती. समोर १२.३ इंचांचे दोन स्क्रीन एकाला एक जोडलेले, चारही बाजूंचे कॅमेरे, पुढच्या सीटमधून गार हवा, आणि एडास, म्हणजे पुढे गाडी आली तर स्वतः ब्रेक लावणं, लेन सुटत असेल तर स्टिअरिंगला हलका हात देणं वगैरे. मी ती नऱ्ह्यापासून बायपासवर घातली. लेन धरून ठेवण्याची सोय पट्टे स्वच्छ होते तिथे छान चालली. सर्व्हिस रोडला मात्र उजवीकडून-डावीकडून दुचाक्या शिरल्या की इशारे सुरू. मला त्या इशाऱ्यांचा त्रास झाला नाही, पण माझं रोजचं ड्रायव्हिंग सिंहगड रस्त्यावरचं, ताशी वीस-पंचवीसच्या वेगाचं. त्या वरच्या आणि त्याखालच्या ट्रिममध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास फरक होता. सहा एअरबॅग सगळ्याच ट्रिममध्ये येतात, हे कळल्यावर माझा निर्णय झाला. महामार्गावर रोज जाणाऱ्या माणसानं मात्र एडासचा विचार जरूर करावा. माझी बहीण रोज चाकणला जाते. तिला मी तेच सांगितलं.

स्क्रीनबद्दल एक. बऱ्याच नव्या गाड्यांत एसी कमी-जास्त करायलाही स्क्रीनमध्ये शिरावं लागतं. टेस्ट ड्राइव्हला गाडी उभी असताना सगळे बघतात. मी मुद्दाम चालती गाडी असताना, शेजारी नवऱ्याला बसवून, नजर न हलवता पंख्याचा वेग बदलता येतो का ते पाहिलं. तुम्हीही बघा, कुठलीही गाडी असो.

इंजिनावरून घरात दोन दिवस चर्चा चालली. नवऱ्याला डिझेल हवं होतं, ११६ पीएस ताकद आणि २५० एनएम खेच, शिवाय या वेळी त्याला ऑटोमॅटिकही आलंय. घाटात ते सरसच. पण आमचा रोजचा प्रवास सात-आठ किलोमीटरचा. आताच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्या वेगानं पळायला लागते. धायरी ते स्वारगेट या रस्त्यावर ते होणं नाही. आणि पाच वर्षांत जेमतेम चाळीस हजार किलोमीटर होणार असतील तर डिझेलचे जादा पैसे वसूल कधी होणार? महाराष्ट्रात रस्ता करही डिझेलला जास्त आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के, डिझेलवर १४. शेवटी एक लिटरचं टर्बो पेट्रोल, १२० पीएस, सात गिअरचं डीसीटी, म्हणजे दोन क्लचचं, ऑटोमॅटिक असं ठरलं.

बुकिंगच्या आधी एक काम बाकी होतं. सोसायटीतल्या आमच्या पार्किंगच्या दोन्ही बाजूंना खांब आहेत. नवी गाडी वॅगन आरपेक्षा फूटभर रुंद आणि सव्वा फुटाहून जास्त लांब. रात्री जुनी गाडी बाहेर काढली आणि मुलानं खडूनं जमिनीवर नव्या गाडीचा आयत आखला, १८०० बाय ३९९५, वर आरशांसाठी दोन्हीकडे जादा रेघ. खांबांमधलं अंतर २ मीटर ३८. म्हणजे दोन्हीकडचं मिळून ५८ सेंटिमीटर उरतात. डाव्या खांबापासून १४ सेंटिमीटरवर गाडी लावली तर माझ्या बाजूला ४४ उरतात. घरातलं एक दार बरोबर तेवढंच उघडून मी त्यातून आत-बाहेर करून बघितलं. जमतं. मागच्या लोकांनी मात्र लिफ्टपाशीच उतरायचं. खालच्या मजल्यावरचे काका बराच वेळ बघत होते, शेवटी त्यांनीच टेपचं दुसरं टोक धरलं. ती खडूची रेघ पुढे दोन महिने तशीच राहिली होती.

२३ नोव्हेंबरला, रविवारी, पंचवीस हजार भरून बुकिंग केलं. फॉर्मवर सही करण्याआधी तीन गोष्टी पेनानं लिहून घेतल्या: ट्रिम आणि रंगाचं पूर्ण नाव, २०२६ चीच बनावट, आणि बुकिंग रद्द केलं तर किती दिवसांत किती रक्कम परत. डिसेंबरात गाडी मिळाली तर सवलत मिळेल असं आम्हाला सांगितलं जात होतं. पण पाच-सात वर्षांनी विकताना लोक आधी बनावटीचं साल विचारतात, आणि डिसेंबरची गाडी महिन्याभरात एका वर्षानं जुनी होते. म्हणून थांबायचं ठरवलं. या थांबण्याची किंमत म्हणजे जानेवारीत दर थोडे वाढले, आम्हाला सात-आठ हजारांचा फटका बसला. बुकिंगच्या दिवशीची नाही, डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागते, हे फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात असतं. वाचा.

मग कोटेशन. एक्स-शोरूम १२ लाख ९० हजारांच्या आसपास. रस्ता कर १२ टक्क्यांनी १ लाख ५५ हजार, त्या करावर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर, तीन हजार. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विकणाऱ्यानं आधीच गोळा केलेला आयकर), म्हणजे बारा हजार नऊशे. हा खर्च नव्हे. ज्याच्या पॅनवर बिल आहे त्याला आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. बिल कुणाच्या नावावर करायचं ते या हिशेबानंही ठरवा. कर्जाचा बोजा चढवायचे दीड हजार. आणि एक ओळ होती "हँडलिंग", साडेसात हजार. ती कशाची, असं मी विचारलं. नीट उत्तर मिळालं नाही. ती ओळ काढून नवीन कोटेशन मेलवर पाठवा, असं शांतपणे सांगितलं. दोन दिवसांनी तसं आलं.

विम्यावर मात्र आठवडा गेला. शोरूमचा आकडा ६८ हजार. घरी बसून ऑनलाइन बघितलं तर त्याच सगळ्या कव्हरला, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन, रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर बिलाची किंमत) धरून, ५१ हजारांच्या आसपास. बाहेरून विमा घेतला तर कॅशलेसला अडचण येईल, असं मला सांगण्यात आलं. कॅशलेस विमा कंपनीच्या गॅरेजच्या यादीवर ठरतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. विमा कुठून घ्यायचा हे गाडी घेणाऱ्यानं ठरवायचं असतं. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो. तो दर सगळीकडे सारखा, हजार सीसीपर्यंत ६,५२१ आणि त्यावर पंधराशे सीसीपर्यंत १०,६४०, त्यावर जीएसटी. आमचं टर्बो इंजिन ९९८ सीसीचं, म्हणून खालच्या दरात बसलं. घासाघीस होते ती उरलेल्या भागावर, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर.

आणि इथेच जुन्या गाडीनं आम्हाला शेवटचं देणं दिलं. आम्ही अनेक वर्षांत एकही क्लेम केला नव्हता, नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकली की तो नव्या गाडीला लावता येतो, आणि त्यासाठी विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं. ते पत्र तीन वर्षं चालतं. आमची वॅगन आर ६ डिसेंबरला गेली. शोरूमनं त्यांच्या एक्स्चेंज सवलतीसकट १ लाख ७५ हजार देऊ केले होते, सहकाऱ्याच्या भाच्यानं २ लाख १० हजार दिले. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद, त्यावर दोघांच्या सह्या आणि त्याच्या आधारची प्रत. वेळ लिहायला विसरू नका. आरटीओत नाव बदलेपर्यंत चलनं आणि अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येऊ शकते, पण गाडी तेव्हा कुणाकडे होती याचा पुरावा हाच कागद. हेच कागद जोडून बोनसचं पत्र मागितलं, नऊ दिवसांत आलं, आणि नव्या गाडीचा विमा ४६ हजारांत झाला.

कर्ज सात लाखांचं, पाच वर्षांचं, हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास. दोन बँकांचे व्याजदर जवळपास सारखेच होते. मुदतीआधी फेडल्यास एकीकडे शुल्क, एकीकडे नाही. दुसरी घेतली.

जानेवारीत गाडी यार्डात आल्याचा फोन आला. शनिवारी, १० तारखेला, सकाळी नऊला बघायला गेलो. गाडी बघायची ती पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या नोंदणीच्या, आधी, हे मला इतरांना सगळ्यात कळकळीनं सांगावंसं वाटतं. एकदा नंबर पडला की ती तुमची, मग कुठलाही दोष सहसा दुरुस्तच करून मिळतो, गाडी बदलून मिळणं अवघड. आणि उन्हात बघायची. शेडखाली ट्यूबलाइटच्या उजेडात पांढरा रंग सगळीकडे सारखाच दिसतो. गाडी बाहेर घ्यायला लावली, मुलगा मोबाइलची बॅटरी लावून खाली वाकून बघत होता. त्यानं हाक मारली, "आई, इकडे ये." मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला, दार उघडल्याशिवाय न दिसणारा, बोटाच्या पेराएवढा ओरखडा, आणि त्याच्याजवळ रंग किंचित फुगलेला. पॉलिश करून देतो, दिसणारसुद्धा नाही, असं सांगितलं गेलं. मी दहा मिनिटं गाडीपाशीच उभी राहिले. पंधरा लाखांची वस्तू, त्यात सात लाख कर्जाचे, आणि पहिल्या दिवसापासून मला ते दार उघडताना तो ओरखडाच दिसणार. नको म्हटलं. तिथेच उभ्या उभ्या फोटोसकट मेल केला, या चेसिस नंबरची गाडी स्वीकारत नाही, दुसरी द्या. आवाज चढवायची वेळ आली नाही. मेल गेल्यावर त्यांनीही पुढचा विषय काढला नाही.

मधे संक्रांत झाली, १५ ला महापालिकेचं मतदान. दुसरी गाडी २० तारखेला आली. मंगळवार, ऑफिसला उशिरा जाणार म्हणून सांगून ठेवलं होतं. ओडोमीटरवर १४ किलोमीटर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. चारही टायर आणि स्टेपनी जवळजवळच्या आठवड्यांतले होते. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा शिक्का. फॉर्म २२ वर बनावटीचा महिना, जानेवारी २०२६. त्यावरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर एकेक अक्षर मोठ्यानं वाचून जुळवला, मी वाचत होते, नवरा बघत होता. एसी, सगळे दिवे, चारही खिडक्या, दोन्ही किल्ल्या, मागची सीट कलते का. काठी पुन्हा लावली. त्या दिवशी सेल्सच्या मुलानंच विचारलं, "मॅडम, आजींची काठी आणलीत ना?"

त्याच संध्याकाळी उरलेले पैसे भरले, पासिंगचे कागद वर गेले. नवीन खासगी गाडी आता आरटीओत न्यावी लागत नाही, शोरूममधूनच नंबर पडतो. एमएच १२ चा नंबर तिसऱ्या दिवशी मेसेजमध्ये आला. पसंतीचा क्रमांक आम्ही घेतला नाही.

२२ जानेवारीला माघी गणेश जयंती होती आणि सगळ्यांचा आग्रह त्याच दिवशी गाडी घ्या असा. मी त्या दिवशी नको म्हटलं. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये रांग असते, गाडीची माहिती पाच मिनिटांत सांगून हातात किल्ली देतात. आम्ही शनिवारी, २४ ला, सकाळी दहाला गेलो. तासभर बसून सगळं समजून घेतलं. फास्टॅग लावलेला आहे एवढ्यावर थांबू नका, तो तुमच्याच नंबरवर चालू आहे का ते तिथेच मोबाइलवर बघा. विम्याची प्रत, बिल, करपावती, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग बघितलं. एका कागदावर सासऱ्यांचं नाव चुकलं होतं, ते तिथेच दुरुस्त करून घेतलं. एकूण १५ लाख ११ हजार झाले.

तिथून थेट सारसबागेला. तळ्यातल्या गणपतीच्या बाहेर सासूबाईंनी नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. घरी आल्यावर खडूच्या रेघेच्या आत गाडी लावायची होती. मी तीनदा पुढे-मागे केली. खालच्या मजल्यावरचे काका खांबापाशी उभे राहून हातानं "या, या, या, बस" करत होते. चौदा सेंटिमीटर.

आता महिना झाला. शहरात लिटरला साडेअकरा मिळतात, वाईला जाऊन आलो तेव्हा साडेसतरा मिळाले. तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये डीसीटी इंचाइंचानं सरकवायची नाही. पुढे एक गाडीभर जागा होऊ द्यायची, मग हलायचं, म्हणजे क्लच तापत नाही. मागे तिघं मोठी माणसं बसली की खांद्याला खांदा लागतो. चार मीटरच्या आतल्या गाडीत हे होणारच. खंबाटकी घाटात एसी बंद करायचा हात सवयीनं पुढे गेला होता, पण तो बंद करावा लागला नाही.

आरसीचं कार्ड १६ फेब्रुवारीला पोस्टानं आलं. बोजात बँकेचं नाव बरोबर आहे आणि कर्ज फिटायचा महिना, जानेवारी २०३१, मी फाइलच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून ठेवलाय, खाली "फॉर्म ३५". जुन्या गाडीची ट्रान्सफर मंजूर झाल्याचा मेसेज २० तारखेला आला. त्या मुलानं फोन करून सांगितलं, "ताई, गाडी मस्त चालतेय." सासूबाईंच्या काठीवर तो लाल दोरा अजून आहे.